बोली न लागलेला गूळ

माघ संपत आला की पुण्यात दोन-चार दिवस आभाळ भरून येतं. पाऊस पडत नाही. वारा पडलेला असतो, दोरीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत आणि स्वयंपाकघरातून सूनबाईंचा आवाज येतो, "बाबा, गुळाला पाणी सुटलंय बघा." मी उठून डब्याशी जातो. गुळाच्या खड्याला कडेनं काळपट, चिकट ओल आलेली असते. बोटाला लावून मी वास घेतो, पण तो गूळ तोंडात घालत नाही. एवढ्या वर्षांनीही नाही. घरातल्यांना याचं कारण ठाऊक नाही. अभिमानानं सांगावं असं त्यात काही नाही, म्हणून मी ते कधी सांगितलं नाही.

पन्नास ते साठ या दशकातली गोष्ट. राज्य अजून मुंबईचं होतं. मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि आमच्या खात्यानं तिघांचं एक पथक बारामतीला पाठवलं, त्याचा प्रमुख म्हणून मला नेमलं होतं. दुसरे होते माने, वजनमापांचे निरीक्षक. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, फलटणकडचे, धिप्पाड अंगाचे आणि कमी बोलणारे. तिसरे देवधर, लेखनिक. त्यांचं अक्षर सुरेख होतं आणि जीव चिमणीएवढा. गुळाच्या बाजारात उघडा लिलाव सुरू करायचा, व्यापारी आपसात संगनमत करून शेतकऱ्याला कोंडीत पकडत असतील तर पुरावा गोळा करायचा आणि पुण्याला पाठवायचा, एवढं आमचं काम. कागदावर ते फार सोपं दिसत होतं.

दौंडहून छोट्या रुळांच्या गाडीनं आलो तेव्हा गाव दिसायच्या आधी गावाचा वास आला. कोवळ्या थंडीत गुळाचा वास जड होतो, जमिनीलगत चालतो. बाजारात तर पायाखालची मातीही गोड झाली होती. चपला जमिनीला चिकटत, पावलागणिक चट् असा आवाज होई. गोणपाटावर मांडलेल्या ढेपा, त्यांच्यावर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्या, सोडलेल्या गाड्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांची सुस्त किणकिण. इंदापूर तालुक्यातल्या पाटाच्या पाण्यावरच्या गावांतून रात्रंदिवस गाड्या येत. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, किती समृद्ध जागा आहे ही.

सौदा कसा होतो ते मानेंनी मला दुरून दाखवलं. अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल, आणि व्यापारी समोरासमोर उभे राहत. अडत्या हातावर रुमाल टाकी, त्याखाली दोघे एकमेकांची बोटं धरत. कुठलं बोट किती वेळा दाबलं यावर भाव ठरे. मग दुसरा व्यापारी येई, मग तिसरा. सगळं मुक्यानं. ज्याचा गूळ तो शेतकरी दोन हात अंतरावर उभा असे आणि रुमालाकडे बघत राही. आपल्या वर्षाच्या घामाचं काय झालं हे त्याला सर्वांच्या शेवटी कळे.

आम्ही सगळ्या व्यापाऱ्यांना बोलावून सांगितलं की यापुढे भाव तोंडानं पुकारायचा. त्यांनी ऐकून घेतलं. चहा आला. "सरकारचा हुकूम, मान्य आहे," असं म्हणून ते उठले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रुमाल पडले. आम्ही जवळ गेलो की रुमाल खांद्यावर जात. पाठ वळली की हातावर. हे मोडायचं तर परवान्यावर घाला घालायला हवा होता आणि त्यासाठी कुणीतरी लेखी सांगायला हवं होतं की हे लोक भाव आधीच ठरवून येतात. आम्ही महिनाभर गावोगाव फिरलो. लोक तोंडी सगळं सांगत. देवधरांनी दौत उघडली की कुणाला तरी बैलांना पाणी दाखवायची आठवण होई.

जबाब दिला तो शेळगावच्या तात्यांनी.

त्यांचं नाव ज्ञानोबा, पण पंचक्रोशीत त्यांना तात्याच म्हणत. पन्नाशीचे, शिडशिडीत, कानात बाळी. स्वतःच्या मळ्यातला ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ, आणि गूळ काढण्यात हात असा की शेळगावच्या तात्यांची ढेप म्हटलं की बाजारात लोक नुसती बघायला येत. सोन्यावर मध ओतल्यासारखा रंग. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. काहिलीत रस उकळत होता, तात्या पळीतला थेंब थंड पाण्यात सोडून बोटांनी चाचपत होते. त्यांच्या पत्नी कोंडाबाई काहिलीखालच्या चुलवणात उसाची चिपाडं सारत होत्या.

"तात्या, रुमालाखाली काय ठरतं ते तुम्हाला कळतं का?" मी विचारलं.

"कळतं की. रुमाल उचालला की त्येंच्या तोंडाकडं बघायचं. हसली, म्हंजी आमी गेलो."

मग त्यांनी सांगितलं. आदल्या हंगामात ते एका दुकानाच्या पायरीवर बैलांना बांधायला दोर घेत बसले होते. आत तिघे व्यापारी बोलत होते. आज शेळगावच्या मालाला एकानंच हात घालायचा, बाकीच्यांनी नुसती बोटं लावून सोडायची, असं ठरत होतं. तिघांचीही नावं तात्यांनी घेतली. त्यातलं पहिलं नाव अण्णाशेठचं होतं. बारामतीच्या गूळबाजारात अण्णाशेठ बोलले की बाकीच्यांचं बोलणं संपत असे.

"हे लिहून द्याल?"

"देतो की. खोटं थोडंच हाय?"

देवधर भरभर लिहू लागले. कोंडाबाई पदराला हात पुसत उठून आल्या आणि कागदाकडे बघत उभ्या राहिल्या.

"ह्यो कागुद कुठं जायाचा?"

"पुण्याला. मग सुनावणी होईल."

"आन् आमचा गूळ कुठं जायाचा?"

मी म्हणालो, "बाई, सरकार तुमच्या पाठीशी आहे."

हे वाक्य मला खात्यात शिकवलेलं होतं. मी ते मनापासून बोललो, हे खरं. कोंडाबाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. रागानं नाही. लहान मुलाकडं पाहावं तसं.

"पाठीशी हाय त्ये बरंच हाय. पर गूळ घेणारा पुढ्यात उभा असतुया, सायब."

तात्या हसले आणि त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली. आम्हाला रस पाजला.  परत येताना बैलगाडीत माने म्हणाले, "साहेब, त्या बाईंना उत्तर द्यायचं राहिलं." मी म्हणालो, सुनावणीत देऊ.

जबाब पुण्याला गेला. तिन्ही व्यापाऱ्यांना नोटिसा आल्या. आणि आठवड्याभरात जादू व्हावी तसे रुमाल नाहीसे झाले. अण्णाशेठनी निरोप पाठवला की येत्या बाजारापासून सौदा उघडा होईल, साहेबांनी स्वतः हजर राहावं. मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो. बाजार समितीचा माणूस मधोमध उभा राहिला. तात्या दोन गाड्या घेऊन आले होते, चाळीसेक ढेपा. मानाचा म्हणून त्यांचाच माल पहिला पुकारला.

"शेळगावचा गूळ, पिवळा, एक नंबर. बोला."

कुणी बोललं नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा पुकारा झाला. पंधरा-वीस व्यापारी ढेपांभोवती उभे होते. कुणी आभाळाकडे बघत होता, कुणी नखं. एकानं खिशातून अडकित्ता काढून सुपारी कातरायला घेतली, तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. तिसरा पुकारा झाला. मग त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि तो पुढच्या ढिगाकडे गेला. कळस गावाकडच्या कुणाचा तरी माल होता, रंगानं काळसर, ओलसर. पुकारा होताच चारी बाजूंनी बोल्या उठल्या. मोठ्यानं, स्पष्ट, एकमेकांवर चढत. अगदी आमच्या परिपत्रकात लिहिल्या होत्या तशा. दिवसभर बाजार गाजत राहिला. नियमाचं एक अक्षरही मोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शेळगावचा गूळ, पिवळा, एक नंबर, बोला. आणि ती शांतता. मी आयुष्यात पुष्कळ आरडाओरडा ऐकला आहे, टेबलावर मुठी आपटणारी माणसं पाहिली आहेत. त्या शांततेइतकं मला काही भ्यायला लावणारं वाटलं नाही. तात्या आपल्या ढेपांशी उभे राहत, हात मागे बांधून, ताठ. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्यांच्या गाड्यांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा पडली आहे. शेजारच्यांनी आपल्या गाड्या हळूच पलीकडे सरकवल्या होत्या. कडबा विकणाऱ्यानं तात्यांना सांगितलं की कडबा संपला. त्याच्या पाठीमागं कडब्याची गंजी दिसत होती. सांगताना तो खाली बघत होता.

मग हा बहिष्कार आमच्याकडे वळला. आमची कचेरी म्हणजे बाजाराच्या कडेची पत्र्याची एक खोली. रोज सकाळी येणारा चहा यायचा बंद झाला. हॉटेलवाला म्हणाला, दूध पुरत नाही. मानेंच्या घरमालकांना अचानक भाचीच्या लग्नासाठी खोली हवी झाली. देवधरांचा न्हावी गावाला गेला. कुणी धमकी दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही, सगळे हात जोडून बोलत. देवधर एकदा म्हणाले, "साहेब, मला कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं." गावात राहून आम्ही गावाबाहेर पडत चाललो होतो. आणि हे सगळं कुठून येतंय ते कुणालाच दाखवता आलं नसतं.

मी अण्णाशेठकडे गेलो. कऱ्हेच्या बाजूला त्यांची पेढी होती. पांढरीशुभ्र गादी, पितळी पानदान, आणि स्वतः अण्णाशेठ, साठीचे, मऊ आवाजाचे. त्यांनी उठून मला बसायला जागा दिली.

"शेळगावच्या मालाला बोली का लागत नाही?" मी विचारलं.

"साहेब, उघडा लिलाव आहे. ज्याला आवडेल तो बोलेल."

"बाजारातला सगळ्यात चांगला गूळ आहे तो."

"असेल. मला जरा खारट वाटला."

"सगळ्या वीस जणांना खारट वाटला?"

ते हसले. पानाचा देठ खुडत म्हणाले, "तुम्ही शिकलेले. मला एक सांगा. मी एखाद्याचा माल लुटला, तर गुन्हा आहे. वजनात मारला, तर गुन्हा आहे. पण मी माल घेतलाच नाही, तर कुठल्या कलमात बसतं? माझ्या इच्छेविरुद्ध मी गूळ घ्यावा असा सरकारचा हुकूम आहे का?"

 असं कलम नव्हतं.

"आमचं कुणाशी वैर नाही," ते म्हणाले. "तात्या भला माणूस. घाईत कागदावर सही करून बसला, एवढंच. माणसाच्या हातून होतं. पान घ्या."

पुढे मी दिल्लीत व्यापार खात्यात गेलो. वीस-बावीस वर्षं वेगवेगळ्या देशांशी वाटाघाटी करणाऱ्या पथकांचा प्रमुख म्हणून बसलो. तिथे मला अण्णाशेठ वारंवार भेटले. सूट घातलेले, दुभाषे बरोबर असलेले, पण आवाज तोच, मऊ. एखादा बडा देश एखाद्या छोट्या देशावर रुसतो. बोलत काहीच नाही. फक्त त्या छोट्या देशाची फळं बंदरात तपासणीसाठी थांबतात. तपासणी चालूच राहते. फळांना वास सुटतो. विचारायला जावं तर उत्तर येतं, आमचं कुणाशी वैर नाही, आमच्या लोकांना हल्ली ती फळं आवडत नाहीत. माझ्या हाताखालचे तरुण अधिकारी चिडत, हे नवंच काहीतरी आहे म्हणत. त्याला भारदस्त नावं होती, त्यावर अहवाल लिहिले जात. मी मात्र त्यांना एकच गोष्ट सांगत असे. छोट्या माणसाला तक्रारीवर सही करायला लावण्याआधी त्याच्या मालाला दुसरं गिऱ्हाईक शोधा. आधी गिऱ्हाईक, मग सही. त्यांना वाटे, साहेब व्यवहारी आहेत. ही अक्कल मला कुणाच्या जिवावर आली ते त्यांना कसं ठाऊक असणार?

कारण मी तेव्हा उलट केलं होतं. सही आधी घेतली आणि गिऱ्हाईक नंतर शोधायला निघालो. पुण्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याला मी तार केली. तो गृहस्थ खरोखरच आला. सकाळच्या गाडीनं उतरला, मी स्वतः त्याला बाजारात नेलं. त्यानं ढेपेचा तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "असा गूळ मी दहा वर्षांत खाल्ला नाही. सगळा घेतो." तात्यांच्या चेहऱ्यावर सहा दिवसांत प्रथमच तजेला आला. दुपारचे बारा वाजले होते. अण्णाशेठच्या पेढीवरून एक माणूस आला आणि पाहुण्यांना अतिशय अदबीनं जेवायला घेऊन गेला. आम्ही ढेपांपाशी वाट बघत थांबलो. चार वाजता स्टेशनावरचा एक हमाल जाता जाता म्हणाला, तुमचे पाहुणे तीनच्या गाडीनं गेले.

 तात्यांनी गोणपाट नीट केलं. त्याच संध्याकाळी आभाळ आलं.

ज्यांनी गूळ फक्त डब्यात पाहिला आहे त्यांना हे कळायचं नाही. पावसाची गरज नसते. नुसती दमट हवा पुरते. आधी ढेपेची चमक जाते, मग ती हाताला मऊ लागते, मग तिला घाम फुटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या ढेपांवर बारीक थेंब दिसू लागले. आभाळ खाली उतरलेलं, राखाडी, हलायचं नाव नाही. बाकीचे आपला माल रोजच्या रोज विकून मोकळे होत होते. उघड्यावर राहिली होती ती ही चाळीस ढेपांची रास आणि तिच्याजवळ उभा एक माणूस.

दुपारच्या एसटीनं कोंडाबाई आल्या. बरोबर घरातल्या चार गोधड्या आणि उसाच्या वाळलेल्या पाचटाचे भारे. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पाचट अंथरून त्या एकेक ढेप गुंडाळायला लागल्या. हाताला गूळ चिकटत होता, गोधडीला चिकटत होता.

मी मानेंना म्हणालो, "कचेरीत घेऊ या सगळं."

"खाजगी माल सरकारी खोलीत?" देवधर घाबरून म्हणाले.

मानेंनी सदरा काढून खुंटीला अडकवला. एकही हमाल हात लावायला तयार नव्हता. भिंतीला टेकून दहा-बारा जण नुसते बघत होते. मग त्यातला एक म्हातारा पुढे आला, डोक्यावरची चुंबळ काढून त्यानं आमच्या दारातल्या दगडावर ठेवली आणि पाठ फिरवून निघून गेला. मानेंनी ती उचलून डोक्यावर घेतली. तात्या, माने आणि मी, आम्ही तिघांनी चाळीस ढेपा आत नेल्या. देवधर शेवटी न राहवून आले आणि धडपडत एक ढेप उचलून नेली. टेबलं भिंतीला लावली. फायली माळ्यावर गेल्या. पत्र्याच्या त्या खोलीत गुळाचा वास असा कोंडला की श्वास जड झाला. खिडकीवर माश्यांचा पडदा, भिंतीवर मुंग्यांच्या रेषा. त्यात आम्ही पाच माणसं घामाघूम बसलो होतो. मला वाटलं, काहीतरी वाचवलं आपण.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून पत्र आलं. सरकारी जागेत एका व्यक्तीचा माल ठेवल्याचं कळतं, याचा खुलासा करावा. पत्र पोस्टात पडलं असेल ती तारीख मी बघितली. आम्ही ढेपा आत नेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती. एवढ्या लवकर बातमी पुण्याला कुणी नेली हे मी कुणाला विचारणार होतो?

त्याच दिवशी शेळगावची सात-आठ माणसं आली. आत आली नाहीत. दारात उभी राहून त्यांनी तात्यांना बाहेर बोलावलं. त्यात तात्यांचे थोरले चुलतभाऊ आबा होते. खोलीत बसून मला सगळं ऐकू येत होतं.

"ज्ञानोबा, काल माझ्या मालाला बोली लागली न्हाय," आबा म्हणाले. "आज रामभाऊच्या मालाला न्हाय. सांगावा आलाय. शेळगावचं नाव असंल तो गूळ घ्यायचा न्हाय म्हंत्यात."

"म्या खोटं बोललो का, आबा?"

"कोण म्हंतंय खोटं बोललास? खरंच बोललास. पर तुझं खरं आमी समद्यांनी किती दिस खायाचं?"

 आबांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि आपल्याहून धाकट्या भावासमोर नुसतं हातात धरून उभे राहिले. तात्या आत आले ते एकदम म्हातारे दिसत होते.

"सायब, माझा जबाब माघारी द्या."

सुनावणी पाच दिवसांवर होती. तो एक कागद नसता तर तीन नोटिसांच्या मागे काही उरत नव्हतं. आमचं पथक, तो सगळा हंगाम, सगळं त्या कागदावर उभं होतं. शिवाय तो कागद आता सरकारचा होता. मी नाही म्हटलं असतं तर कायदा माझ्या बाजूनं होता.

"तात्या, पाच दिवस धीर धरा," मी म्हणालो. "एकदा सुनावणी झाली की..."

"पाच दिस न्हाय," कोंडाबाई म्हणाल्या. त्या ढेपांच्या राशीला टेकून बसल्या होत्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "सायब, तुमी भले हायसा. तुमी स्वता डोस्क्यावर गूळ वाह्यलाव, म्या बघितलंय. पर तुमची बदली हुईल. आज न्हाय तर सा म्हयन्यांनी. आमी कुठं बदलून जायाचं?"

मी मानेंकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. नंतर कित्येकदा मी तो क्षण मनात फिरवून पाहिला आहे. नकार दिला असता तर कदाचित तिघांचे परवाने गेले असते. कदाचित तेच परवाने दुसऱ्या तीन नावांनी पुन्हा निघालेही असते. मी देवधरांना कागद घ्यायला सांगितलं. 'मी दिलेला जबाब गैरसमजातून दिला होता, तो मागे घेत आहे' एवढं एकच वाक्य. तात्यांनी 'गैरसमजातून' या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "ह्ये काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि सही केली. पहिल्या सहीपेक्षा ही झटकन झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढेपा पुन्हा बाजारात मांडल्या. या वेळी हमाल न बोलावता आले. गुळाचा रंग उतरला होता, कडा पाघळून एकमेकींना चिकटल्या होत्या, गोधडीचे धागे त्यात रुतले होते. तसा माल कुणी हात लावून पाहिला नसता.

"शेळगावचा गूळ. बोला."

अण्णाशेठ सहसा बाजारात उतरत नसत. त्या दिवशी ते स्वतः आले होते. पांढऱ्या धोतराचा सोगा हातात धरून ते ढेपांजवळ आले आणि त्यांनी बोली लावली. पहिलीच बोली. त्या हंगामात कुठल्याही गुळाला, अगदी उत्तम कोरड्या सोनेरी गुळालाही, मिळाला नव्हता असा भाव त्यांनी मोठ्यानं, स्पष्ट पुकारला.  पाचशे माणसं तिथं होती, सगळ्यांनी ऐकलं. पुकारणाऱ्यानं तीनदा विचारलं, कुणी वर गेलं नाही. अण्णाशेठनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तात्या, माल फार छान आहे तुमचा." मग माझ्याकडे वळून त्यांनी नमस्कार केला. मीही केला. हात आपोआप जोडले गेले.

तात्यांनी माझा निरोप घेतला नाही. गाड्या जुंपल्या आणि ते निघून गेले. कोंडाबाई मागच्या गाडीत पाठमोऱ्या बसल्या होत्या, मांडीवर त्या चार गोधड्या.

सुनावणी झालीच नाही. कचेरीत चहा पुन्हा येऊ लागला, मानेंच्या घरमालकांच्या भाचीचं लग्न पुढे ढकललं गेलं. सौदे उघडे होत राहिले, मोठ्यानं, स्पष्ट. ते सकाळी कुठल्या तरी दुकानात बसून आधीच ठरलेले असत, हे पुकारणाऱ्यालाही ठाऊक होतं. कायदे पुढे बदलले, कडकही झाले. पण त्या हंगामात आम्हाला अजून एक दौरा पुरा करायचा होता. ठरलेल्या तारखेला आम्ही तिघे निरवांगीला गेलो.

तिथल्या गुऱ्हाळावर आमचं फार अगत्यानं स्वागत झालं. घोंगडं अंथरलं, आलं घालून ताजा रस दिला, काकवी दिली, ओल्या खोबऱ्याचा तुकडा दिला. दहा-पंधरा शेतकरी भोवती बसले. घरची माणसं कशी आहेत, मुलंबाळं किती, पुण्यात थंडी आहे का, सगळी चौकशी झाली. मग देवधरांनी कागद काढला. कुणी उठून गेलं नाही. बैलांना पाणी दाखवायची कुणाला आठवण झाली नाही. सगळे जागच्या जागी बसून राहिले आणि त्यांतल्या सगळ्यांत वयस्क माणसानं हात जोडले.

"सायब, शेळगावच्या तात्याला लई चांगला भाव आला म्हणं."

"आला," मी म्हणालो.

"मग झालं तर. आमची कसलीबी तक्रार न्हाय."

त्याच्या शेजारचा म्हणाला, "न्हाय." त्याच्या पलीकडचा म्हणाला, "व्हय, न्हायच." असं एकेक करत शब्द त्या वर्तुळातून फिरत माझ्यापर्यंत आला. देवधरांची लेखणी थांबली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी लिहा म्हणालो.

भागात कोणाचीही तक्रार नाही, लिलाव नियमाप्रमाणे चालू आहेत, असा अहवाल त्या महिन्याअखेर पुण्याला गेला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. वरिष्ठांनी त्यावर समाधानाचा शेरा मारला, आणि त्या शेऱ्यावर मला बढती मिळाली.